निष्काळजी, पण प्रामाणिक

मेश्रामसाहेब,

रविवारी येरवड्यात, तुमच्या घराजवळच्या विहारात, तुम्ही गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली. तुमच्या खात्यातले दोघे-तिघे तुमच्याविषयी बोलले आणि मग कोणीतरी माझे नाव घेतले. मी उठले. "मेश्रामसाहेब हे अत्यंत सचोटीचे अधिकारी होते," एवढे एक वाक्य बोलले, दुसरे सुरू केले आणि ते पूर्ण न करताच खाली बसले. शेजारी जगतापबाई होत्या. सीलची पेटी घेऊन त्या इतकी वर्षे तुमच्याबरोबर पुण्यातल्या लिफ्टी तपासत हिंडल्या, पण हळू आवाजात बोलणे काही त्यांना साधलेले नाही. "मॅडम," त्या म्हणाल्या, "आमच्या केसमध्ये तरी बोलला होतात, का जज्जसाहेबांनी अंदाजानंच निकाल दिला?"

पुढच्या रांगेतली माणसे वळून हसली. वहिनीही हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

जे तिथे बोलता आले नाही ते लिहून पाहते आहे. तुमचे शिक्षण, तुमच्या बदल्या, तुम्हाला मिळालेली प्रशस्तिपत्रे यांविषयी इतरांनी सांगितले; मला त्यातले फारसे माहीतही नव्हते. मला माहीत आहे तो एक दावा, आणि त्या दाव्याच्या निमित्ताने आपल्या दोघांत सुरू झालेला वाद. दावा केव्हाच निकाली निघाला. वाद मात्र तुम्ही तसाच ठेवून गेलात.

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात तेव्हा मी सरकारी वकिलांच्या कार्यालयात नवी होते. नवी म्हणजे कामाला, वयाने नव्हे. संस्कृत शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवून, चाळिशी उलटल्यावर मी काळा कोट चढवला होता. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान सहकारी खणखणीत आवाजात युक्तिवाद करत आणि मी टिपणे उत्तम काढते म्हणून माझे कौतुक करत. अवघड पण कोणालाच नको असलेली प्रकरणे माझ्या टेबलावर येत. तुमचे प्रकरण तसेच आले. लिफ्टच्या सरकारी निरीक्षकावर आणि त्याच्या शिपाईबाईवर एका इमारतमालकाने लावलेला नुकसानभरपाईचा दावा. प्रतिवादी क्रमांक एक, तुम्ही. प्रतिवादी क्रमांक दोन, जगतापबाई.

ते दिवस आठवतात ना? कल्याणीनगरच्या बाजूला काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली मुले टपऱ्यांवर चहा पीत पगाराचे आकडे इंग्रजीत बोलत. वर्तमानपत्रांत रोज कोणीतरी 'इन्स्पेक्टर राज' संपवण्याची मागणी करत असे. अशाच एका सकाळी, हातातला अंक माझ्या टेबलावर ठेवत तुम्ही म्हणालात, "पाहा मॅडम, मी राजा आहे म्हणे. राजधानी तिसऱ्या मजल्यावर. आणि तिथली लिफ्ट दिवाळीपासून बंद."

"तुमच्या कार्यालयाची? लिफ्ट-निरीक्षकांच्या?"

"मीच बंद केली ना बाप्पा! नियमात बसत नव्हती."

वर्ध्याकडचा तो 'बाप्पा' पुण्यात इतकी वर्षे राहूनही तुम्ही सोडला नव्हता. एरवी तुमची भाषा आमच्याहून शुद्ध होती. 'बाप्पा' आला की समजायचे, माणूस एकतर खुशीत आहे किंवा चिडला आहे.

झाले होते ते असे. एका नव्या इमारतीत दोन लिफ्ट शेजारीशेजारी होत्या. उजवीकडची मोठी, आरसे लावलेली, पाहुण्यांसाठी. डावीकडची लहान, सामानासाठी आणि कामगारांसाठी. तुम्ही दोन्ही तपासल्या. मोठी निर्दोष होती. लहान लिफ्टचा वेग हाताबाहेर गेला तर तिला रुळांवर जागच्या जागी धरून ठेवणारी जी पकड असते, ती काही केल्या बसेना. तुम्ही ती लिफ्ट बंद करण्याचा आदेश दिलात. मालकाने हात जोडले, मग आवाज चढवला, आणि मग खिशातून मोबाइल काढून एक नंबर फिरवला आणि तो तुमच्या कानाला लावला. पलीकडे कोण होते ते तुम्ही मला कधीच सांगितले नाही. ज्याच्याशी बोलताना सरकारी नोकराला फोन ठेवता येत नाही अशांपैकी कोणीतरी होते, एवढेच मला कळले.

एरवी तुम्ही सील लावताना स्वतः गच्चीवरच्या यंत्रखोलीत जात असा. त्या दिवशी फोन कानाला असल्यामुळे तुम्ही लॉबीतच अडकलात आणि बोटाने दाखवत जगतापबाईंना म्हणालात, "डावीकडची." बाई जिने चढून वर गेल्या. यंत्रखोलीचे दार मागच्या अंगाला होते. त्या दारातून आत शिरले की खालची डावी बाजू उजवीकडे येते. बाईंनी डावीकडच्या यंत्राचा स्विच पाडला, तारेने बांधला, शिशाचे सील दाबले, आणि तुम्ही दोघे निघालात. सील लावल्यावर खाली येऊन एकदा बटण दाबून पाहावे, अशी तेव्हा तुमच्या खात्यात पद्धत नव्हती. एकदा सील बसले म्हणजे लिफ्ट बंद, हे सर्वांनी गृहीतच धरलेले असे.

दुसऱ्या दिवशी त्या इमारतीत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कचेरीचे उद्घाटन होते. मोठी लिफ्ट बंद आणि लहान चालू, हे सकाळीच सर्वांना दिसले. तुम्हाला कळवायची कोणाला गरज वाटली नाही. परदेशातून आलेले पाहुणे खोकी आणि पाण्याचे पिंप यांच्या सोबतीने लहान लिफ्टमधून वर गेले. दुपारी संतापलेल्या मालकाचा फोन आला तेव्हा तुम्ही जेवणाचा डबा उघडा टाकून तिथे धावलात आणि सील बदललेत. निर्दोष लिफ्ट बंद करून आपली अब्रू घालवली, असा त्याचा दावा होता. सदोष लिफ्ट अर्धा दिवस माणसे वाहत राहिली, याबद्दल त्याच्या दाव्यात एक अक्षरही नव्हते.

मी लेखी कैफियत तयार केली. पहिलाच मुद्दा संरक्षणाच्या कलमाचा घेतला. अशा बहुतेक कायद्यांत ते शेवटाकडे, कोणाच्या फारसे लक्षात न येणारे असे असते: या कायद्याखाली प्रामाणिक हेतूने केलेल्या कामाबद्दल अधिकाऱ्यावर किंवा त्याच्या हाताखालच्या माणसांवर दावा चालणार नाही. मला त्या मुद्द्याचा जरा अभिमानच वाटत होता. तुम्ही तो वाचलात आणि खिशातले पेन काढून त्यावर आडवी रेघ मारलीत.

"हे नको."

"साहेब, आपला सगळा बचाव त्यावर उभा आहे."

"चूक झालेली असली तरी चालतं हे?"

"चालतं."

"निष्काळजीपणा असला तरी?"

मी पुस्तक उघडून व्याख्या दाखवली. काम प्रत्यक्षात प्रामाणिकपणे केलेले असले की पुरे. ते निष्काळजीपणे केले की काळजीपूर्वक, हे त्या व्याख्येत पाहिले जात नाही. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ती ओळ पुन्हा वाचलीत.

"म्हणजे पाठक मॅडम, तुम्ही कोर्टात उभ्या राहून सांगणार, हा मेश्राम निष्काळजी आहे, पण बिचारा प्रामाणिक आहे."

"तसं नाही हो..."

"तसंच आहे ना बाप्पा! अहो, माझ्या बायकोचंही गेली वीस वर्षं अगदी हेच मत आहे. तिलाच साक्षीला बोलवा, कोर्टाचा वेळ वाचेल."

मला हसू आवरले नाही. तुम्ही मात्र हसत नव्हता. "मालकाची एक सकाळ वाया गेली," तुम्ही म्हणालात, "तिचं मला काही नाही. पण त्या लहान लिफ्टमधून त्या सकाळी कोण कोण वर-खाली गेलं? मला रोज वाटतं, कुणीतरी यावं आणि मला विचारावं. आणि तुमचं कलम म्हणतं, विचारताच येणार नाही."

तिथून आपला वाद सुरू झाला. न्यायालयाच्या उपाहारगृहात, कळकट टेबलांवर, चहाचे पेले बाजूला सारत तो कितीदा झाला! मी म्हणत असे, हे कलम नसेल तर उद्या कोणता निरीक्षक एखाद्या वजनदार माणसाची लिफ्ट बंद करील? प्रत्येक सीलमागे एक दावा लागेल. माणसे सील लावणेच सोडून देतील. तुम्ही म्हणत असा, "मी बिल्डरला विचारतो, कारखानदाराला विचारतो, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारतो. मला विचारणारा कोणी नको? ज्याला कोणी विचारत नाही तो माणूस हळूहळू सुस्त होतो. आणि आमच्यातले जे हात ओले करून घेतात, तेही याच कलमाखाली येऊन बसतील."

"त्यांना बसता येणार नाही. प्रामाणिकपणा ही पहिली अट आहे. आणि खातं तुम्हाला विचारू शकतंच की."

"खातं!" तुम्ही बशीतला चहा संपवत म्हणालात. "खात्यात मला विचारणार कोण? माझ्याच बॅचचा माणूस. तोही हळहळेल माझ्यासाठी."

मी कायद्याच्या बाजूने बोलत होते आणि तुम्ही तुमच्याच विरुद्ध. असे अशील मला त्यानंतर कधी भेटले नाही. लोक माझ्याकडे सुटण्यासाठी येतात. तुम्ही आलात ते कोणीतरी आपल्याला जाब विचारावा म्हणून.

त्या वेळेपुरता तो वाद मिटवला जगतापबाईंनी, आणि तोही एका दुपारी, बिबवेवाडीहून आणलेल्या डब्यातली भाकरी मोडता मोडता. तोवर त्यांना आपण दोघांनीही नीट विचारले नव्हते. दावा लागल्याबरोबर शिपाई पदावरून कारकून पदावर होणारी त्यांची बढती थांबली होती. निकाल लागेपर्यंत नाव यादीबाहेर. पुन्हा यादी केव्हा निघेल ते कोणालाच सांगता येत नव्हते.

तुम्ही त्यांना मोठ्या समजुतीने म्हणालात, "बाई, आपण सरळ खरं सांगून टाकू. डावी असं मीच म्हणालो. चूक माझी. मी तसं लिहून देतो."

बाईंनी घास खाली ठेवला. "तुम्ही द्याल हो साहेब. तुम्ही मोठे. तुमची चूक पेपरात आली तर लोक म्हणतील, बघा, कसा सरळ माणूस आहे, स्वतःहून कबूल केली. माझी आली तर म्हणतील, शिपाईबाई ती, तिला कुठलं डावं-उजवं कळायला. चूक तुम्हाला परवडते. मला नाही परवडत."

"पण मी तुमच्यावर ती येऊच देणार नाही."

"सील कोणी दाबलं? मी. वर कोण होतं? मी एकटी. तुम्ही कितीही लिहून द्या, माझा हात त्यात आहेच." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, ह्यांना नको असेल तर ह्यांचं कलम काढा. माझं राहू द्या. मला हवंय. पण मग ते जज्ज विचारतील, साहेबाला जे नको ते हिला कशाला हवं? म्हणजे हिच्याच मनात काहीतरी काळं असणार. हो का नाही?"

मी मान डोलावली. कायद्याच्या पुस्तकांतून मला जे सापडले नव्हते ते त्या वेळी माझ्या समोर बसले होते. त्या कलमात 'आणि त्याच्या हाताखालची माणसे' असे शब्द आहेत. मी ते शंभरदा वाचले होते. त्यांना चेहरा असतो हे मनात आले नव्हते. तुमच्याही आले नव्हते.

तुम्ही खुर्ची माझ्याकडे वळवलीत. मग म्हणालात, "मॅडम, ते खोडलेलं पुन्हा टाइप करून घ्या."

"दोघांचं?"

"दोघांचं. पण साक्षीत मला काही लपवायला सांगू नका. आणि तो फोन पुढे करू नका. तो फोन हे कारण आहे, सबब नाही."

"ते जमलं बघा," बाई म्हणाल्या आणि डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी तुमच्यापुढे सरकवली. "घ्या. उपाशीपोटी लई तत्त्वं सुचतात माणसाला."

तुमची साक्ष मला अजून शब्दन् शब्द आठवते. मालकाचे वकील वयस्कर होते, मृदू बोलणारे. पुण्यातले मृदू बोलणे किती खोल जाते ते तुम्हाला तोवर ठाऊक झालेलेच होते.

"मेश्रामसाहेब, आपलं शिक्षण?"

"बी.ई., इलेक्ट्रिकल."

"वा. म्हणजे डावं आणि उजवं शिकवलं असेल."

"शिकवलं होतं. त्या दिवशी उपयोगी पडलं नाही."

न्यायाधीशांनी मान खाली घातली. ते हसत होते असे मला वाटते.

"निष्काळजीपणा झाला, हे मान्य?"

"मान्य. माझा. बाईंना मी खालूनच डावी म्हणालो. यंत्रखोलीत मी स्वतः जायला हवं होतं."

"मग गेला का नाहीत?"

त्यांनी विचारले होते आणि तुम्ही शपथेवर होता. "वादींनी मला त्यांच्या मोबाइलवर बोलायला लावलं होतं. पलीकडची व्यक्ती मोठी होती. मला फोन ठेवता आला नाही. ठेवायला हवा होता."

पलीकडे कोण होते, हा पुढचा प्रश्न त्या अनुभवी वकिलांनी विचारला नाही. तो न विचारल्यामुळे न्यायालयात जी शांतता पसरली, तिने माझे निम्मे काम केले.

उरलेले निम्मे मला करायचे होते. प्रामाणिक हेतूला काळजीचीही जोड हवी, ती नसेल तर संरक्षण नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो ऐकायला फार न्याय्य वाटत होता. तुम्हीही माझ्या मागे बसून त्याला मान डोलवत असणार अशी मला धास्ती होती. मी बोलू लागले. न्यायाधीश म्हणाले, "मॅडम, जरा मोठ्यानं. सध्या पंखाच तुमच्यापेक्षा जास्त बोलतोय." मी टिपणे मिटली. मागे वळून पाहिले तर तुम्ही आणि जगतापबाई एकाच बाकावर बसला होतात. बाईंनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मी त्या हातांकडे बघून बोलले. काळजी घेतली की नाही हे पाहण्याचे काम खात्याचे आहे, असे म्हणाले. ज्याची लिफ्ट बंद झाली त्याच्या हाती ते दिले, तर उद्यापासून हे हात स्विचपर्यंत जाणारच नाहीत, असे म्हणाले. आणखीही काही बोलले असेन. पंखा ऐकू येत नव्हता, एवढे खरे.

दावा त्या कलमावरच फेटाळला गेला. यादी पुन्हा निघाली तेव्हा बाईंचे नाव तिच्यात होते. त्यांनी पेढे आणले. तुम्ही तुमच्या वाटचा पेढा मोडून अर्धाच घेतलात. "हा बाईंच्या निकालाचा," म्हणालात. "माझा निकाल लागायचाय."

तो तुम्ही तुमच्या रीतीने लावून घेतलात, हे मला फार उशिरा बाईंकडून कळले. सुट्टीच्या दिवशी तुम्ही एकटे त्या इमारतीत गेला होतात. झाडलोट करणाऱ्या बायका, चहा पोचवणारा माणूस, खोकी वाहणारे दोघे यांना तुम्ही लॉबीत एकत्र बोलावलेत आणि सांगितलेत, "उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही ज्या लिफ्टमधून गेलात ती सुरक्षित नव्हती, ती बंद असायला हवी होती, आणि ती चालू राहिली ती माझ्या चुकीमुळे." त्यांना आधी वाटले, हे साहेब आपल्यावर काही आळ घ्यायला आलेत. मग त्यातली एक बाई म्हणाली, "काही झालं नाही ना? मग कशाला एवढं. पण आम्हाला कोणी येऊन सांगितलं, हेच पहिल्यांदा झालं बघा." तुम्ही परत आलात आणि दुसऱ्याच दिवशी खात्यात नवी रीत घालून दिलीत: सील लावले की जिन्याने खाली उतरायचे, मालकाच्या देखत दोन्ही बटणे दाबायची, आणि कोणती लिफ्ट येत नाही ते डोळ्यांनी पाहूनच इमारत सोडायची. सुरुवातीला लोक हसले. आता तुमच्या मागून आलेली माणसे ते न हसता करतात. ही रीत कोणी आणि का सुरू केली, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊकही नाही.

पुढे तुम्ही निवृत्त झालात आणि आपला वाद टेलिफोनवर आला. मालकांनी स्वतःच आपल्या यंत्रांची तपासणी करून प्रमाणपत्र द्यावे, निरीक्षकाची कटकट नको, अशा सूचना वर्तमानपत्रांत येत. त्या छापून आल्या की सकाळी तुमचा फोन यायचाच. "पाठक मॅडम, आता तुमच्या कलमाला काम उरणार नाही. निरीक्षकच नाही, तर संरक्षण कुणाला देणार?" मी म्हणे, "मग तुम्हाला आनंदच व्हायला हवा." आणि तुम्ही म्हणायचात, "काहून आनंद? मला विचारणारा हवा होता. मीच नको, असं कुठे म्हटलं होतं?" फोन संपताना वहिनी मागून ओरडत, "त्यांना म्हणावं, पुडाच्या वड्या केल्यात, घ्यायला या." मी यायची. कोथिंबिरीने गच्च भरलेल्या, ताज्या तळलेल्या त्या वड्या खाताना वाद थोडा वेळ थांबत असे, आणि मला वाटे, माणसाला वाद घालावासा वाटावा असा माणूस मिळणे हेही केवढे सुख आहे. माझ्या बुजरेपणाची तुम्ही कधी कीव केली नाहीत. माझे वाक्य पूर्ण होईपर्यंत तुम्ही थांबत असा. फार थोडे लोक थांबतात.

अखेरच्या भेटीत तुम्ही खिडकीजवळच्या कॉटवर होता. बराच वेळ इकडचेतिकडचे बोललात, आणि मग एकदम, जणू मधली वर्षे गेलीच नव्हती अशा आवाजात विचारलेत, "मॅडम, त्या सकाळी त्या लहान लिफ्टमध्ये कुणाचं काही बरंवाईट झालं असतं, तर तुम्ही तेच कलम मांडलं असतं?"

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता कोर्ट बंद करा बघू. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय."

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

"सांगा. घाई नाही," तुम्ही म्हणालात, आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवायला वहिनींना खूण केलीत.

मी विचार केला आहे, साहेब.

हो, मांडले असते. त्याच शब्दांत, आणि या वेळी पहिल्या वाक्यापासून मोठ्याने. कारण ज्याच्या घरचे माणूस गेले त्याचे दुःख कितीही खरे असले, तरी त्याचा सगळा भार सील दाबणाऱ्या एका बाईच्या हातांवर टाकून न्याय होत नाही. भरपाई सरकारने द्यावी, चौकशी खात्याने करावी, आणि ती तुमच्याच बॅचच्या माणसाने न करता परक्याने करावी, हेही मी त्याच दिवशी मांडले असते. तिथे तुमचे म्हणणे बरोबर होते आणि मी ते तेव्हाच मान्य करायला हवे होते. पण ते कलम मी सोडले नसते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या इमारतीत कोणालातरी स्विच पाडायचा असतोच.

आणि तेवढ्यावर आपण थांबलो नसतो. ते कलम एवढेच सांगते की तुम्हाला न्यायालयात खेचून आणता येणार नाही. तुम्ही स्वतःहून कोणाच्या दारात जाऊ नये, असे ते कुठेही म्हणत नाही. निकालानंतर तुम्ही त्या घरी गेला असतात, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. वकील या नात्याने मी तुम्हाला जाऊ नका म्हणाले असते, आणि तुम्ही 'बाप्पा' म्हणून चप्पल घातली असतीत.

मग मी तुमच्याबरोबर आले असते. तुम्ही "चूक माझी होती" असे म्हणाला असतात. त्यांनी आपल्याला बसायला सांगितले असते किंवा हाकलून दिले असते. मी तिथे कायद्याचा एक शब्दही काढला नसता. तुमचे बोलून होईपर्यंत आणि त्यांचे ऐकून होईपर्यंत मी नुसती तुमच्या शेजारी उभी राहिले असते. तेवढे मला जमले असते.